सदुसष्ट एकांची संख्या

जावामध्ये `लाँग` प्रकारचे दोन व्हेरिएबल घ्या. एकात १९३७०७७२१ ठेवा, दुसऱ्यात ७६१८३८२५७२८७. दोघांचा गुणाकार करून छापा. उत्तर येतं: -१.

दोन धन संख्यांचा गुणाकार उणे एक! कोडिंग येणारा कुणीही लगेच म्हणेल, ओव्हरफ्लो झालाय. बरोबर आहे. पण ओव्हरफ्लो झाल्यावर सहसा काहीतरी वेडावाकडा आकडा हाती येतो. इतका नीटनेटका उणे एक कुठून आला?

खरा गुणाकार आहे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंकी संख्या. ही संख्या बायनरीत लिहिली तर ओळीनं सदुसष्ट एक येतात, मधे एकही शून्य नाही. `लाँग`मध्ये चौसष्टच जागा असतात. वरचे तीन एक बाहेर सांडतात, उरलेले चौसष्ट एक आत राहतात आणि कॉम्प्युटरच्या लिपीत चौसष्ट एकांचा अर्थच मुळी उणे एक असा होतो.

गणिताच्या भाषेत ही संख्या म्हणजे २ चा ६७वा घात वजा १. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. त्या पटाला आणखी तीन घरं जोडली, तर सगळ्या दाण्यांची बेरीज बरोब्बर एवढी होईल. गणिती लोक तिला थोडक्यात एम-६७ म्हणतात. यातला एम म्हणजे मर्सेन.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. या संख्येच्या मागे मी लागलो ते तिच्या आकारामुळे नाही. हल्लीच्या हिशेबात एकवीस अंक म्हणजे काहीच नाही. मला तिचा इतिहास महत्त्वाचा वाटतो. १६४४ मध्ये कुणीतरी सांगितलं की ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानंच पूर्ण भाग जात नाही. १८७६ मध्ये कुणीतरी दाखवलं की नाही, भाग जातो. पण कशानं जातो ते मात्र त्यालाही सांगता आलं नाही. आणि १९०३ मध्ये कुणीतरी ते भाग काढून समोर ठेवले. एकाच संख्येबद्दल 'मला माहीत आहे' असं म्हणणारी ही तीन माणसं. तिघांच्या 'माहीत असण्या'चा अर्थ मात्र वेगवेगळा आहे.

मठातला ॲडमिन

मारें मर्सेन (१५८८ ते १६४८) हा पॅरिसमधला मठवासी धर्मगुरू. त्या काळी विज्ञानाची नियतकालिकं नव्हती. देकार्त, फर्मा अशी मंडळी आपले शोध पत्रांतून कळवायची आणि त्यातली बरीच पत्रं मर्सेनकडे यायची. तो ती वाचायचा, पुढे पाठवायचा, एकाचा प्रश्न दुसऱ्याला विचारायचा, कधी भांडणंही लावून द्यायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर सतराव्या शतकातल्या युरोपातल्या सगळ्यात भारी ग्रूपचा तो ॲडमिन होता.

त्याला एका जुन्या कोड्यात रस होता. ६ चे विभाजक १, २, ३. त्यांची बेरीज ६. २८ चे विभाजक १, २, ४, ७, १४; त्यांची बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडनं फार पूर्वी दाखवलं होतं की २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळाली, की तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या तयार करता येते. म्हणजे प्रश्न उरला एवढाच: २ च्या कुठल्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळते?

घात स्वतः मूळ संख्या असायलाच हवा, हे सोपं आहे. पण तेवढं पुरत नाही. ११ ही मूळ संख्या आहे, पण २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

१६४४ च्या आपल्या ग्रंथात मर्सेननं २५७ पर्यंतच्या घातांसाठी यादीच देऊन टाकली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. एवढेच घात चालतात, मधले बाकीचे नाहीत. सिद्धता दिली नाही. शेवटची संख्या ७८ अंकी आहे. हातानं भागाकार करून ती तपासणं कुणालाही अशक्य होतं. गंमत म्हणजे पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळही पुरणार नाही, अशा अर्थाचं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

या यादीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ यादीत असायला नको होते. ६१, ८९ आणि १०७ असायला हवे होते. पण हे सगळं पक्कं व्हायला १९४७ साल उजाडलं. तीनशे तीन वर्षं!

यात मर्सेनला हसण्यासारखं काही नाही. त्याचा अंदाज बऱ्यापैकी चांगला होता आणि त्यानं विचारलेला प्रश्न त्याहून चांगला होता. लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. दावा करायला एक ओळ लागली आणि तपासायला तीन शतकं. दावा आणि तपासणी यांच्या खर्चात एवढी तफावत असली, की दावा आपोआप 'माहिती' होऊन बसतो. लोकांना तो पटलेला असतो असं नाही, पण खोडून काढायला कुणाला परवडत नाही.

ऑयलरची गाळणी

पहिली खरी तपासणी केली लिओनार्ड ऑयलरनं. १७७२ मध्ये त्यानं दाखवलं की यादीतला ३१ बरोबर आहे. तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता आणि जवळपास आंधळा झाला होता.

२ चा ३१वा घात वजा १ म्हणजे २१४,७४,८३,६४७. हा आकडा ओळखीचा वाटतोय? ३२ बिटांच्या `इंट`मध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. जुन्या पद्धतीची घड्याळं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद या `इंट`मध्ये मोजतात आणि म्हणून १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळचे पावणेनऊ वाजायला काही सेकंद कमी असताना, त्यांचा आकडा भरेल. आपल्या पिढीच्या डोक्यावर टांगलेली ही संख्या मूळ आहे, हे अडीचशे वर्षांपूर्वी एका दृष्टी गेलेल्या माणसानं सिद्ध करून ठेवलंय.

त्यानं ते कसं केलं? एखादी संख्या मूळ आहे का हे बघायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागून बघावं लागतं. इथं वर्गमूळ साधारण ४६,३४० येतं. पण या प्रकारच्या संख्यांना एक खोड असते. २ चा ३१वा घात वजा १ ला कुठल्याही मूळ संख्येनं भाग जात असेल, तर तिला ६२ नं भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. शिवाय ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. या दोन अटी लावल्या की ४६,३४० मधून उमेदवार उरतात फक्त ३७३. त्यातले ज्यांना ३, ५, ७ नं सरळ भाग जातो ते काढून टाकले की आणखी कमी.

अल्गोरिदम चांगला असेल तर हार्डवेअर जुनं असलं तरी चालतं, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. त्याचं यापेक्षा सुंदर उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पण ६७ पुढे हीच गाळणी तोकडी पडते. एम-६७ चं वर्गमूळ बाराशे कोटींच्या वर जातं.

हनोईचे मनोरे रचणारा मास्तर

टॉवर ऑफ हनोई आठवतो? तीन खांब, एकावर एक रचलेल्या चकत्या, मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही. रिकर्शन शिकवताना हा हमखास येतो आणि कॅम्पस इंटरव्ह्यूतही विचारतात. हे कोडं १८८३ मध्ये बाजारात आणलं एदुआर लुकास या फ्रेंच गणिताच्या शिक्षकानं. चकत्या तीन असतील तर कमीत कमी ७ चाली लागतात, चार असतील तर १५, पाच असतील तर ३१. म्हणजे दर वेळी २ चा घात वजा १. सदुसष्ट चकत्यांचा मनोरा हलवायला बरोबर एम-६७ एवढ्या चाली लागतील. लुकासनं हे खेळणं उगाच नाही काढलं. या संख्या त्याच्या डोक्यात आधीपासूनच घोळत होत्या.

१८७६ मध्ये त्यानं एक विलक्षण कसोटी शोधली. पुढे १९३० च्या सुमारास डी. एच. लेमरनं तिला सुटसुटीत रूप दिलं, ते असं. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येनं भागून बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातापेक्षा दोन कमी, इतक्या वेळा हे करायचं. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. नाही आलं तर मूळ नाही.

३१ घेऊन बघू. घात ५, म्हणून तीन पायऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २, आले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, ३१ नं भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. ३१ मूळ आहे.

आता २०४७ घ्या. घात ११, म्हणून नऊ पायऱ्या. बाक्या येत जातात: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही. म्हणून २०४७ मूळ नाही. आता या नऊ आकड्यांकडे परत बघा. त्यात २३ कुठे दिसतो का? ८९? नाही दिसत. कसोटी एवढंच सांगते की ही संख्या फुटते. ती कुठे फुटते, याबद्दल चकार शब्द काढत नाही.

लुकासनं एम-६७ मूळ नसल्याचं सांगितलं, ते अशाच वाटेनं. त्याच सुमारास १२७ व्या घाताची ३९ अंकी संख्या मूळ आहे हेही त्यानं दाखवलं. हातानं तपासलेली ती सगळ्यात मोठी मर्सेन मूळ संख्या ठरली.

गणिताच्या दृष्टीनं इथे प्रश्न मिटला होता. पण मनाला हे पचायला जड जातं. डॉक्टर म्हणतात, हाड मोडलंय, नक्की मोडलंय. पण कुठे मोडलंय ते सांगता येत नाही. रिपोर्टवर विश्वास ठेवायचा तर सगळे आकडे नव्यानं काढून बघायचे, नाहीतर लुकासच्या शब्दावर जायचं. पुढची सत्तावीस वर्षं एम-६७ याच अवस्थेत होती. फुटते हे ठाऊक, तुकडे कुणीच पाहिलेले नाहीत.

न बोलता दिलेलं भाषण

३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल उठले. ते या संस्थेचे सचिवही होते. त्यांच्या निबंधाचं नाव होतं 'मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याबद्दल'.

पुढची गोष्ट गणिताच्या गप्पांमध्ये फार प्रसिद्ध आहे. कोल फळ्यापाशी गेले. काही न बोलता २ चा ६७वा घात काढला, त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या रिकाम्या जागेत सरकले आणि १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार शाळेतल्यासारखा मांडून पूर्ण केला. दोन्ही उत्तरं जुळली. कोल एक शब्दही न उच्चारता जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. हे करायला किती दिवस लागले, असं पुढे कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

गोष्ट छान आहे. पण ती आपल्यापर्यंत येते एरिक टेम्पल बेल या लेखकाकडून. बेल पुढे कोलंबियात शिकला, कोलला तो ओळखत होता. रविवारांबद्दल आपण स्वतः विचारलं, असं तो सांगतो. मात्र १९०३ मध्ये तो विशीतला विद्यार्थी होता आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात शिकत होता. हा प्रसंग असलेलं त्याचं पुस्तक आलं १९५१ मध्ये. तोवर कोलला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. आणि गणितज्ञांच्या चरित्रांना मीठमसाला लावण्याबद्दल बेल पुरेसा बदनाम आहे.

या गोष्टीचा आणि त्या संख्येचा स्वभाव किती वेगळा आहे बघा. सभागृहात खरंच शांतता होती का, हे आज कुठल्याच गणितानं काढता येणार नाही. पण ते दोन अवयव बरोबर आहेत का, हे सहावीतला मुलगा कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात तपासू शकतो. त्यासाठी कोल सचिव होते की शिपाई, खरं बोलणारे होते की थापाडे, यातलं काहीही माहीत असण्याची गरज नाही. मर्सेनवर विश्वास ठेवावा लागतो. लुकासची कसोटी समजून घ्यावी लागते. कोलवर विश्वास ठेवावाच लागत नाही.

रविवारी काय केलं?

माझं त्या दंतकथेशी भांडण आहे ते वेगळ्याच कारणासाठी. मुका नायक फळ्यावर उत्तर लिहितो आणि टाळ्या घेतो, या चित्रात खरं काम कुठेच दिसत नाही. कोलनं त्याच वर्षी संस्थेच्या बुलेटिनमध्ये निबंध छापला, त्यात पद्धत शब्दांत मांडलेली आहे. तिथं तो मुका नाही.

त्याच्यापुढचं काम किती मोठं होतं, याचा हिशेब मी मांडून पाहिला. लहान अवयव १९ कोटी ३७ लाखांच्या घरात आहे. ३ पासून सगळ्या विषम संख्यांनी भागत गेलं तर ९ कोटी ६८ लाख भागाकार. मिनिटाला एक धरला आणि झोपच घेतली नाही, तर १८४ वर्षं.

आता ऑयलरची गाळणी लावू. अवयवाला १३४ नं भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे. उमेदवार उरले १४,४५,५८०. ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७. उरले निम्मे, सव्वासात लाखांच्या आत. ३, ५, ७, ११, १३ नं भाग जाणारे काढून टाका. उरले साधारण पावणेतीन लाख. तीन वर्षांत रविवार येतात १५६. म्हणजे दर रविवारी पावणेदोन हजार भागाकार, तेही एकवीस अंकी संख्येला नऊ अंकी संख्येनं. शिवाय अवयव एकोणीस कोटींवर सापडेल हे आपल्याला आज माहीत आहे. त्याला शोध बाराशे कोटींपर्यंतही न्यावा लागला असता. हे होणार नाही.

म्हणून कोलनं जास्त गाळण्या तयार केल्या. ८ ची अट कुठून येते ते आधी पाहू. २ चा ६८वा घात ही एक वर्गसंख्या आहे: २ च्या ३४व्या घाताचा वर्ग. तिला एम-६७ नं भागलं की बाकी उरते २. एखाद्या वर्गाची बाकी २ येते एवढ्यावरून ठरतं की एम-६७ च्या प्रत्येक मूळ अवयवाला ८ नं भागल्यावर १ किंवा ७ उरणार. निम्मे उमेदवार एका फटक्यात बाद.

आता बाकी २ ऐवजी दुसरी कुठली तरी लहान संख्या देणारा वर्ग सापडला तर? त्यातून वेगळी अट मिळते आणि तीही साधारण निम्मे उमेदवार गाळते. अशी प्रत्येक नवी बाकी म्हणजे एक नवी चाळण. समजा दहा स्वतंत्र चाळण्या मिळाल्या. दहा वेळा निम्मं करत गेलं की १,०२४ पैकी एक उरतो. पावणेतीन लाखांचे पावणेतीनशेही राहत नाहीत. मग भागाकार करणं एका माणसाच्या आवाक्यात येतं.

थोडक्यात, त्या रविवारांचा बराच वेळ उत्तर शोधण्यात नाही, तर 'इथे उत्तर नाही' हे ठरवणाऱ्या युक्त्या शोधण्यात गेला असणार. डीबगिंग केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बग सापडतो एका मिनिटात. त्याआधीचे चार दिवस तो कुठे कुठे नाही हे ठरवण्यात गेलेले असतात. स्टँडअपमध्ये मात्र ते चार दिवस 'अजून बघतोय' एवढ्या दोन शब्दांत उरकावे लागतात.

आज पायथनच्या चार-पाच ओळी सव्वासात लाख उमेदवार एका सेकंदाच्या आत तपासून १९,३७,०७,७२१ वर थांबतात. माझ्या लॅपटॉपवर मी ते चालवून पाहिलं. पण त्या ओळींमधली `के` वाढवत नेणारी अट ऑयलरच्याच काळातली आहे. ती काढून टाकली तर तोच लॅपटॉप जास्त वेळ घाम गाळतो.

दोन घराणी

लुकास आणि कोल यांच्यापासून दोन घराणी निघाली असं मला वाटतं.

लुकासच्या घराण्याचा प्रश्न: अवयव न पाडता, संख्या मूळ आहे की नाही एवढंच झटपट सांगता येईल का? त्याची कसोटी फक्त मर्सेनच्या संख्यांना चालायची. कुठल्याही संख्येला चालेल, कुठल्याही न सिद्ध झालेल्या गृहीतकावर टेकणार नाही, नशिबावर अवलंबून राहणार नाही आणि तरीही वेगवान असेल, अशी पद्धत सापडली ऑगस्ट २००२ मध्ये, आयआयटी कानपूरला. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना ही ती तीन नावं. त्यातल्या कयाल आणि सक्सेना यांचं बी.टेक. त्याच वर्षी संपलं होतं. त्या वयात आम्ही नोटीस पीरियड किती आणि बाँड किती याची चौकशी करत होतो.

कोलच्या घराण्याचा प्रश्न: ते तुकडे काढून दाखवा. तो अजून तितकाच अवघड आहे आणि आपली कितीतरी डिजिटल कुलपं त्या अवघडपणावर टिकून आहेत. १९७७ मध्ये आरएसए पद्धतीच्या जनकांनी १२९ अंकी एक संख्या आव्हान म्हणून दिली, बक्षीस १०० डॉलर. तिचे तुकडे पडले १९९४ मध्ये, इंटरनेटवरून सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले कॉम्प्युटर कामाला लावल्यावर. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. आज वापरात असलेल्या आरएसएच्या किल्ल्या साधारण ६१७ अंकी असतात. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा आणि त्या दोन संख्या आपल्याकडे ठेवायच्या, एवढीच युक्ती. गुणायला क्षण लागतो. उलटं फिरायला युगं लागतात, निदान आजच्या साध्या कॉम्प्युटरना. हे काम कायम अवघडच राहील याची सिद्धता मात्र कुणीही दिलेली नाही.

मर्सेनच्या यादीचा पाठलागही थांबलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये २ चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १ ही मूळ संख्या असल्याचं जाहीर झालं. तिच्यात ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक आहेत. जाहीर करण्याआधी लुकास आणि लेमरचीच कसोटी वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रोग्रॅम्सनी पुन्हा चालवली गेली. एका यंत्राच्या शब्दावर कुणी गेलं नाही.

कोलच्या नावाची आठवण आपल्याकडेही पोहोचली आहे. १९२० मध्ये ते सचिवपदावरून उतरले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना निधी दिला आणि त्यांनी तो संस्थेला देऊन टाकला. त्यातून कोल पुरस्कार सुरू झाला. २०११ चा संख्या सिद्धांतातला कोल पुरस्कार मिळाला तो ज्याँ-पिएर विन्टनबर्गर आणि मुंबईत वाढलेले चंद्रशेखर खरे यांना, सेरचं अनुमान सिद्ध केल्याबद्दल.

उपयोग काय?

या संख्येचे अवयव मिळून कुणाचं काय भलं झालं, असा प्रश्न येतोच. एम-६७ च्या अवयवांवर एकही ॲप चालत नाही. ज्या वेळी कोल हे करत होते त्या वेळी कुलपंबिलपं कुणाच्या डोक्यातही नव्हती. त्यामुळे 'बघा, पुढे उपयोग झालाच ना' असं म्हणून मी त्यांची वकिली करणार नाही.

मला ही संख्या दुसऱ्याच कारणासाठी जवळची वाटते. माझ्या कामात गेल्या दोन-तीन वर्षांत एक बदल झालाय. कोड लिहिणं स्वस्त झालं. वाक्य टाइप केलं की यंत्र शंभर ओळी देतं, दिसायला नेटक्या, टिप्पण्यांसकट. तपासणं मात्र होतं तेवढंच महाग आहे. रिव्ह्यूला आलेल्या दोनशे ओळींखाली 'छान दिसतंय' असं लिहून हिरवं बटण दाबायला तीन सेकंद लागतात, खरंच समजून घ्यायला दुपार जाते. फोनवर येणाऱ्या फॉरवर्डचं तेच, रीलमधल्या आरोग्याच्या सल्ल्याचं तेच. दावा एका ओळीचा असतो आणि तपासणी कुणालाच परवडत नाही. म्हणजे आपण पुन्हा १६४४ मध्ये आहोत, फक्त मर्सेन आता कोट्यवधी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना त्याच्याइतकं गणित येत नाही.

यावर सगळ्यांनी सगळं तपासावं हा उपाय नाही. तेवढे रविवार कुणाकडेच नाहीत. पण आपण जे दुसऱ्याच्या हाती देतो ते कुठल्या प्रकारचं आहे, एवढं स्वतःला विचारता येतं. नुसतं 'माझ्यावर विश्वास ठेव' आहे? की 'ही कसोटी, चालवून बघ' आहे? की 'हे दोन तुकडे, गुणून बघ' आहे? तिसऱ्या प्रकारात देणाऱ्याचे कष्ट सगळ्यात जास्त आणि घेणाऱ्याचे सगळ्यात कमी असतात. म्हणून तो दुर्मीळ असतो. मी हल्ली कोड रिव्ह्यूला टाकताना सोबत एक छोटी टेस्ट देतो, वाचणाऱ्याला दोन मिनिटांत चालवता येईल अशी. ती लिहायला कधीकधी मूळ कोडपेक्षा जास्त वेळ लागतो. टीममधल्या एका ज्युनियरनं विचारलं, एवढं कशाला करतोस, ॲप्रूव्ह तर तसंही होतं. मी त्याला कोलची गोष्ट सांगितली, टाळ्यांशिवायची. तो म्हणाला, भारी आहे. मग त्यानं फोन काढला, कॅल्क्युलेटर उघडला आणि ते दोन आकडे मागितले.